पडद्यावरचा पाऊस : फिल्मचे दोष आणि त्यांचें निदान



आपल्या कोल्हापुरास मराठी चित्रपटाचें माहेर म्हणण्याची पद्धत आहे, आणि ती यथार्थ आहे. परंतु या माहेरच्या गोष्टी निघाल्या म्हणजे आपण नटनटींच्या, दिग्दर्शकांच्या आणि फार तर गीतांच्या आठवणी काढतों. ज्या वस्तूवर हें सारें वैभव उभें होतें ती वस्तु मात्र सहसा कोणाच्या बोलण्यांत येत नाहीं. ती वस्तु म्हणजे ३५ मिलिमीटर रुंदीची, दोन्ही कडांना भोकें पाडलेली, पारदर्शक फिल्मची पट्टी. अंधाऱ्या खोलींत ती धुणारीं, छापणारीं, वाळविणारीं आणि जोडणारीं माणसें प्रेक्षकांस बहुधा अज्ञातच राहिलीं. त्यांच्या कामांत काय काय बिघडत असे, तें कसें ओळखावयाचें आणि त्यावर इलाज काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

पडद्यावर उभ्या रेघा नाचूं लागल्या म्हणजे प्रेक्षक "पाऊस सुरू झाला" असें म्हणत. हा पाऊस कोठून येतो, पांढरा ठिपका आणि काळा ठिपका यांत भेद काय, नवी कोरी प्रत पहिल्याच खेळांत खरवडून कां निघते, या प्रश्नांना निश्चित उत्तरें आहेत. आज चित्रगृहांतून फिल्म जवळजवळ गेली आणि तिच्या जागीं संगणकीय प्रत आली, हें खरें. तरीहि विषय शिळा झाला असें मी मानीत नाहीं. फिल्म चित्रगृहांतून गेली असली तरी आपल्या घरांतील ट्रंकांतून गेलेली नाहीं. त्या ट्रंकेकडे मी शेवटीं येणार आहें.

प्रथम फिल्म म्हणजे काय तें पाहूं. कापसासारख्या वनस्पतिजन्य तंतूंवर नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांची क्रिया करून आणि त्यांत कापूर मिसळून सेल्युलॉइड नांवाचा पदार्थ एकोणिसाव्या शतकांत तयार करण्यांत आला. आज ज्यास आपण प्लॅस्टिक म्हणतों त्या विस्तीर्ण कुळांतील हा एक मूळपुरुष होय. १८८९ सालीं अमेरिकेंत ईस्टमन यांच्या कंपनीनें त्याची पातळ, लवचिक, गुंडाळतां येणारी पट्टी बाजारांत आणली. या पट्टीच्या एका बाजूस जिलेटिनचा, म्हणजे शुद्ध केलेल्या सरसाचा, लेप असतो आणि त्या लेपांत प्रकाशानें पालटणारे रुप्याचे क्षार असतात. तेव्हां फिल्म ही एक वस्तु नसून दोन भिन्न स्वभावांच्या वस्तूंचा संसार आहे. प्लॅस्टिकची पट्टी पाणी फारसें शोषीत नाहीं. जिलेटिन पाण्यांत फुगतें, उष्णतेनें विरघळूं लागतें आणि वाळतांना आंखडतें. फिल्मची बहुतेक दुखणीं या दोघांच्या स्वभावांतील विरोधांतून उद्भवतात.

कॅमेऱ्यांतील फिल्म धुतली म्हणजे तिजवर उलटें चित्र उमटतें. उजेड असेल तेथें काळें आणि अंधार असेल तेथें पारदर्शक. हिलाच निगेटिव्ह म्हणतात. तिच्या लेपाला कोऱ्या फिल्मचा लेप भिडवून मधून प्रकाश सोडला आणि ती दुसरी फिल्म धुतली म्हणजे सुलटें चित्र मिळतें. ही पॉझिटिव्ह, म्हणजेच पडद्यावर दाखविण्याची प्रत. एका निगेटिव्हवरून अशा कितीहि प्रती छापतां येतात. पुढील सर्व विवेचनाला एवढें ज्ञान पुरेसें आहे.

आतां आपल्या गांवाकडे वळूं. नाटकांचे पडदे रंगविणारे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे बंधु चलच्चित्राच्या वेडानें झपाटले. १९१६ सालीं आनंदराव निवर्तले. परंतु बाबूरावांनीं उद्योग सोडला नाहीं. विष्णुपंत दामले यांच्यासारख्या शिष्यांच्या साहाय्यानें त्यांनीं १९१८ सालीं स्वतःचा कॅमेरा येथेंच तयार केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' हा मूकपट १९२० सालीं पुण्यांत झळकला. त्या कॅमेऱ्याच्या स्मरणार्थ खरी कॉर्नरपाशीं मानस्तंभ उभा आहे. परंतु कॅमेरा घरीं घडविला तरी कच्ची फिल्म घरीं घडवितां येत नव्हती. ती परदेशांतून येई. उटकमंडचा हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना स्थापन होण्यास १९६० साल उजाडावें लागलें. अशा स्थितींत धुण्याछापण्यांत बिघडलेला प्रत्येक फूट म्हणजे समुद्रापार गेलेला पैसा. त्यामुळें दोष कोठें झाला याचें अचूक निदान करणें हें त्या काळीं पोटाशीं निगडित असलेलें ज्ञान होतें.

शाळेंत मुलाचें गणित चुकलें म्हणजे नुसतें उत्तर खोडून उपयोग होत नाहीं. चूक कोणत्या पायरीवर झाली तें मागें मागें जाऊन शोधावें लागतें. फिल्मचेंहि तसेंच आहे. दोष दिसतो पडद्यावर, परंतु तो घडलेला असतो चार पायऱ्या मागें. म्हणून जाणता कारागीर दोष दिसतांच तीन प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न असा : त्याच चित्रपटाच्या दुसऱ्या प्रतींत हा दोष त्याच जागीं आहे काय? असल्यास तो निगेटिव्हचा आहे; नसल्यास या एका प्रतीचा. ही एक परीक्षा केल्यानें निम्मा शोध संपतो आणि निगेटिव्हला विनाकारण हात लावण्याचा अनर्थ टळतो.

दुसरा प्रश्न : दोष ठराविक अंतरानें पुन्हां पुन्हां येतो काय? येत असेल तर तो कोणत्या तरी फिरत्या किंवा वळत्या भागाचा आहे. फिल्मच्या एका फुटांत १६ चित्रें असतात. दर इतक्या इंचांनीं डाग येतो हें मोजलें म्हणजे तेवढ्या घेराचें चाक यंत्रांत शोधावें. त्याचा एखादा दांता झिजलेला किंवा मळलेला सांपडतो. पूर्वी फिल्म लाकडी चौकटीवर गुंडाळून टाकींत बुडवीत. चौकटीच्या ज्या काठीवरून फिल्म वळे तेथें रसायनाचा प्रवाह निराळा पडे आणि तेवढा भाग कमीअधिक काळा होई. पडद्यावर तो ठराविक तालांत उजेडाच्या हेलकाव्यासारखा दिसे. त्यावर उपाय चौकट सतत हालविण्याचा.

तिसरा प्रश्न : खूण पांढरी आहे कीं काळी? हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु त्यांत सर्वांत अधिक माहिती भरलेली आहे. छापतांना निगेटिव्हवर धुळीचा कण बसला तर तो प्रकाश अडवितो आणि प्रतीवर पांढरा ठिपका येतो. हाच कण चित्रण चालू असतां कॅमेऱ्यांतील कोऱ्या फिल्मवर बसला असेल तर निगेटिव्हवर तेवढी जागा पारदर्शक राहते आणि प्रतीवर काळा ठिपका येतो. निगेटिव्ह धुतांना तिला हवेचा बुडबुडा चिकटला तरी परिणाम हाच, मात्र ठिपका वाटोळा व रेखीव असतो. तेव्हां पांढऱ्या ठिपक्यांसाठीं छपाईची खोली झाडावी आणि काळ्यांसाठीं कॅमेरा व टाकी तपासावी. उलट केल्यास दिवसभर श्रम होतील आणि दोष जागचा हलणार नाहीं.

या तीन प्रश्नांनीं दोषाची पायरी सांपडते. पुढें प्रत्येक पायरीचे नेहमींचे विकार असतात; तेहि थोडक्यांत पाहूं.

धुण्याच्या पायरीवर आपल्या देशांतील मोठा शत्रु म्हणजे उष्णता. रसायनाचें तापमान १८ ते २० अंश सेल्सिअस असावें असा परदेशी पुस्तकांचा दंडक. आणि चैत्र-वैशाखांत आपल्याकडील नळाचें पाणीहि त्याहून गरम. अशा पाण्यांत जिलेटिन मऊ पडतें, कडेनें सुटतें, बोटाचा ठसा घेतें. गरम रसायनांतून काढून एकदम थंड पाण्यांत टाकलें तर लेपावर सुरकुत्यांचें बारीक जाळें पडतें. हें जाळें एकदां पडलें कीं जात नाहीं. म्हणून टाकीभोंवतीं बर्फ ठेवणें, पहाटे किंवा रात्रीं काम करणें, फुगवटा आवरण्यासाठीं रसायनांत सोडियम सल्फेट घालणें आणि तुरटीच्या, विशेषतः क्रोम तुरटीच्या, द्रावणानें लेप कठीण करून घेणें हे उपाय उष्ण प्रदेशांत रूढ झाले. त्यांतील मर्म एकच कीं, सर्व टाक्यांचें तापमान सारखें असावें. दोन अंश जास्त असलेलें एकवेळ चालतें, टाकीटाकींत फरक चालत नाहीं.

पावसाळ्यांत दुसरी पीडा. पंचगंगेला पूर आला म्हणजे पाणी कसें गढूळ होतें तें आपण पाहतोंच. अशा पाण्यांतील माती मऊ जिलेटिनवर बसली तर ती वाळल्यावर निघत नाहीं. पाणी गाळूनच घ्यावें लागतें. धुणें अपुरें झालें आणि हायपो आंत राहिला तर प्रत आरंभीं निर्दोष दिसते, परंतु कालांतरानें पिवळी पडून चित्र फिकटतें. याची परीक्षा सोपी आहे. पोटॅशियम परमँगनेटचें फिकें गुलाबी पाणी करावें आणि धुतलेल्या फिल्मवरून निथळणारे थेंब त्यांत पाडावे. रंग उडाला तर हायपो शिल्लक आहे. अजून धुतलें पाहिजे.

वाळविण्याच्या पायरीवर घाई नडते. लाकडी पट्ट्यांच्या मोठ्या ढोलावर फिल्म गुंडाळून तो फिरवीत ठेवीत. तिजवर पाण्याचे थेंब राहूं दिले तर थेंबाखालची जागा सावकाश वाळते आणि तेथें कायमचा डाग पडतो. म्हणून आधीं मऊ शॅमॉय कातड्यानें पाणी टिपून घ्यावें. पावसाळी हवेंत वाळण्यास वेळ लागतो म्हणून कडक उष्ण हवा सोडली तर जिलेटिन झपाट्यानें आंखडतें, पट्टी लेपाच्या बाजूस पन्हळीसारखी वळते आणि ठिसूळ होते. वळलेली फिल्म यंत्राच्या खिडकींत सपाट बसत नाहीं; चित्राचा मध्य स्पष्ट केला कीं कडा अस्पष्ट होतात. यंत्रचालक बिचारा भिंग फिरवीत राहतो आणि दोष असतो वाळवणाचा.

हिंवाळ्यांतील कोरड्या हवेंत निराळाच चमत्कार घडतो. फिल्मचें गुंडाळें वेगानें उलगडलें तर घर्षणानें वीज सांचते आणि ठिणगी पडते. त्या क्षणिक प्रकाशानें कोऱ्या निगेटिव्हवर झाडाच्या फांद्यांसारखी आकृति उमटते. पडद्यावर ती पांढऱ्या विजेसारखी लखलखते. खोलींतील हवा किंचित् दमट ठेवणें, हात सावकाश चालविणें आणि यंत्राचा धातूचा भाग जमिनीशीं तारेनें जोडणें हे यावरील उपाय. आजहि प्लॅस्टिकच्या पातळ तावांवर छपाई करणाऱ्यास विचारा. सांचलेली वीज, तिनें ओढून घेतलेली धूळ आणि तावाचें वळणें या तक्रारी तोहि आपणांस सांगेल.

शेवटची पायरी प्रत तयार करून पाठविण्याची. नव्या प्रतीच्या जिलेटिनमध्यें ओलावा असतो. यंत्रांतील प्रखर दिव्याच्या उष्णतेनें तें मऊ होऊन दाबपट्ट्यांवर सांचतें, तेथें कठीण होतें आणि मागून येणाऱ्या फिल्मला खरवडतें. नवी प्रत पहिल्याच खेळांत खराब होते ती यामुळें. उपाय अगदीं साधा : भोकांच्या ओळींवरून पातळ मेणाचा हात फिरविला म्हणजे फिल्म सरळ घसरते. जोड देतांना लेप पूर्णपणें खरवडून मग चिकटद्रव लावावा लागतो, कारण तो द्रव पट्टीलाच विरघळवून दुसऱ्या पट्टीशीं एकजीव करतो; मधें जिलेटिन राहिलें तर जोड सुटतो. द्रव जास्त झाला तर जोड आकसतो आणि यंत्रांतून जातांना चित्र उडी मारतें. नंतरच्या काळांत आलेली पॉलिएस्टरची फिल्म तर या द्रवानें मुळींच जुळत नाहीं. तिला चिकटपट्टी किंवा उष्णतेचा सांधा लागतो.

आतां पाऊस. एकच क्षण चमकून गेलेली खूण एखाद्या चित्रापुरती असते, कारण बोलपटांत सेकंदास २४ चित्रें पुढें सरकतात. रेघ टिकून राहिली तर फिल्म कशावर तरी सतत घासत गेली असें समजावें. प्रतीच्या पाठीवर ओरखडे पडून त्यांत तेल व धूळ बसली म्हणजे काळ्या रेघा दिसतात. हा पाऊस प्रतीचा, आणि पाठ स्वच्छ पुसल्यानें तो पुष्कळसा ओसरतो. निगेटिव्हच्या पाठीवरील ओरखडे छपाईंत प्रकाश विखुरतात आणि प्रतीवर पांढऱ्या रेघा येतात. ही प्रत कितीहि पुसा, गुण येणार नाहीं.

येथपर्यंत मी जे दोष सांगितले ते हातांचे, हवेचे किंवा पाण्याचे होते. कांहीं दोष मात्र पद्धतींतच असतात. १९२९ सालीं व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनीं कोल्हापुरांत प्रभात कंपनी स्थापिली. १९३३ सालीं ती पुण्यास गेली, आणि त्याच सालीं तिनें 'सैरंध्री' हीच कथा रंगांत आणण्याचें साहस केलें. रंगीत छपाईसाठीं शांताराम फिल्म घेऊन जर्मनीस गेले. तेथें साधनांची वाण नव्हती. तरीहि पडद्यावर रंग मनासारखे उतरले नाहींत. त्या काळच्या अशा पद्धतींत दोनच मूळ रंगांवर भागवावें लागे, आणि निसर्गांतील सर्व छटा दोहोंतून निघत नाहींत. शिवाय दोन रंगांचीं चित्रें एकमेकांवर तंतोतंत बसलीं नाहींत तर प्रत्येक आकृतीला रंगीत किनार येते. पुढें १९३७ सालीं मुंबईच्या इंपीरियल कंपनीनें 'किसान कन्या' हा रंगीत बोलपट हिंदुस्थानांतच धुऊन-छापून बाहेर काढला. परंतु तीहि पद्धत दोनच रंगांची होती. साधनें कितीहि उंची असलीं तरी पद्धतीची मर्यादा ओळखणें हा निदानाचाच भाग आहे.

आणि आतां सर्वांत मोठ्या दोषाकडे येतों. तो धुण्यांत नाहीं, छपाईंत नाहीं. तो पट्टीच्या रक्तांत आहे. सेल्युलॉइडची जुनी नायट्रेट फिल्म हळूहळू स्वतःच सडते. प्रथम ती पिवळसर होऊन चित्र फिकटतें, मग चिकट होते, मग फेंस येतो आणि अखेरीस तपकिरी भुकटी उरते. ही क्रिया एकदां सुरू झाली कीं बाहेर पडणारीं आम्लें तिला अधिकच वेग देतात. शिवाय ती भयंकर ज्वालाग्राही आहे; एकदां पेटली कीं पाण्याखालींहि जळत राहते. सडत आलेलें गुंडाळें ४१ अंशांच्या आसपास बराच काळ राहिलें तर आपोआपहि पेट घेऊं शकतें. १९४८ सालीं गांधीजींच्या हत्येनंतरच्या दंगलींत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जाळण्यांत आला. २००३ च्या जानेवारींत पुण्यांत पूर्वीच्या प्रभात स्टुडिओच्या आवारांतील नायट्रेट फिल्मच्या कोठारास आग लागून अनेक जुन्या चित्रपटांचीं रिळें नष्ट झालीं. बाबूराव पेंटरांचे बहुतेक मूकपट आज पाहावयास मिळत नाहींत.

कोडॅक कंपनीनें १९५१ च्या सुमारास नायट्रेट फिल्म बनविणें बंद केलें आणि ॲसिटेटची 'सेफ्टी' फिल्म सर्वत्र आली. ती तशी पेटत नाहीं. परंतु अमर तीहि नाहीं. उष्ण व दमट जागीं ती आंखडते, वळते आणि तिला शिरक्याचा, म्हणजे व्हिनेगरचा, वास येऊं लागतो. तो वास ही सडण्याची पहिली सूचना होय.

आपल्यापैकीं कित्येकांच्या घरीं आजोबांच्या लग्नाच्या निगेटिव्ह, एखाद्या बंद पडलेल्या फोटोस्टुडिओंतील पाकिटें, क्वचित् एखाद्या नातलगानें कंपनींतून आणलेला चित्रपटाचा तुकडा असेल. तो बहुधा माळ्यावर, पत्र्याच्या किंवा कौलांच्या छपराखालीं, घट्ट झांकणाच्या डब्यांत असेल. याहून वाईट जागा शोधूनहि सांपडणार नाहीं. तो खालीं काढा आणि घरांतील सर्वांत थंड, कोरड्या व वारा खेळत्या खोलींत ठेवा. कडेवर इंग्रजींत 'सेफ्टी' हीं अक्षरें आहेत काय तें पाहा. अक्षरें नसतील आणि फिल्म १९५१ पूर्वीची असेल तर ती नायट्रेट समजून दिवा, शेगडी व ऊन यांपासून दूर ठेवा. ती जाळून पाहूं नका आणि न सांगतां टपालानें किंवा एस्‌टीनें पाठवूं नका. एकमेकींस चिकटलेल्या पट्ट्या ओढूं नका व पाण्यांत भिजवूं नका. शिरक्याचा वास येणारीं पाकिटें इतरांपासून वेगळीं करा, कारण त्यांतील आम्ल शेजारच्या निगेटिव्हलाहि बाधतें. निगेटिव्ह हलक्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत न ठेवतां साध्या, आम्लरहित कागदाच्या पाकिटांत ठेवा आणि चित्र शाबूत आहे तोंच जाणत्याकडून त्याची संगणकीय प्रत करून घ्या. चलच्चित्राची फिल्म असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयास कळवा. १९६४ सालीं स्थापन झालेली ही संस्था याच कार्यासाठीं आहे.

आपण म्हणाल, छापलेला फोटो भिंतीवर आहे, मग जुन्या निगेटिव्हची एवढी चिंता कशास? परंतु प्रत पिवळी पडली, फाटली, खरवडली तर निगेटिव्हवरून दुसरी काढतां येते. निगेटिव्हच गेली तर मागें जाऊन दोष शोधण्यास आणि दुरुस्त करण्यास पायरीच उरत नाहीं. ती शाबूत आहे कीं नाहीं हें कळण्यास आज घरांत कसलेंहि यंत्र लागत नाहीं. डबा उघडून त्याचा वास घेतला म्हणजे पुरे.